गुरुवारची गोळी : तासगाव तालुक्यातल्या एका संधिवाताचं प्रकरण

मे 2024. पुतणीचं लग्न. घरातल्या बायकांना बांगड्या भरायला कासार आला होता. या ताईंचा हात सव्वादोनाचा, वर्षानुवर्षं तोच. कासारानं नेहमीच्या सवयीनं अंगठा तळव्यात दुमडला, चार बोटं गोळा केली आणि बोटांच्या मुळाशी असलेली हाडं दोन्ही बाजूंनी दाबली. ताई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारच्या खोलीतून माणसं धावत आली. पावणेतीनाची बांगडीसुद्धा चढली नाही. शेवटी त्या लग्नात त्यांनी जुन्याच दोन पाटल्या घातल्या.

संधिवाताचा संशय आला की आम्ही तपासणीत नेमकं हेच करतो. रुग्णाचा हात हातात घेऊन बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आडवे दाबतो. निरोगी माणसाला काही होत नाही. सांध्याचं अस्तर सुजलेलं असेल तर माणूस हात ओढून घेतो. कासारानं निदान जवळपास करून दिलं होतं. माझ्यापर्यंत पोचायला मात्र त्यांना आणखी महिना लागला. त्याआधीचे सात महिने गेले ते वेगळेच.

हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीनं, नाव-गाव वगळून लिहिते आहे. त्यात माझी स्वतःची एक मोठी चूक आहे आणि लिहिण्याचं खरं कारण तीच आहे.

आधीचे आठ महिने

वय 41, वजन 48 किलो. घरची दीड एकर द्राक्षबाग, शिवाय बायकांच्या टोळीबरोबर इतरांच्या बागेत उक्त्यानं काम. ऑक्टोबर 2023 मध्ये फळछाटणी झाली आणि पुढे विरळणीच्या दिवसांत उजव्या हाताची दोन बोटं दुखायला लागली. विरळणी म्हणजे दिवसभर छोट्या कात्रीनं घडातले जादा मणी काढायचे. त्या दिवसांत टोळीतल्या प्रत्येकीचीच बोटं दुखतात, त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही. पण काम संपलं तरी दुखणं थांबलं नाही. डाव्या हाताचीही तीच बोटं धरली, मग दोन्ही मनगटं, मग पायाच्या चवड्यांची बुडं. "सकाळी नऊ वाजूस्तर मूठ वळत न्हाई. तांब्या दोन्ही हातानं धरायला लागतोय," हे त्यांचं पहिलं वाक्य मी कागदावर जसंच्या तसं उतरवलं.

या एका वाक्यात बरंच काही आहे. वयानुसार झिजलेल्या सांध्यांचा आखडलेपणा सकाळी पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास राहतो आणि काम करून दुखणं वाढतं. दाहाच्या संधिवातात आखडलेपणा तासाच्या पुढे जातो आणि हालचाल केल्यावर उलट थोडं मोकळं वाटतं. दोन्ही बाजूंचे तेच सांधे धरणं, बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे सुजणं पण नखाजवळचे सुटणं, हेही याच रोगाचं वळण.

मग उशीर का झाला? त्याला तीन कारणं. पहिलं म्हणजे त्या पावसाळ्यात नवऱ्याला आणि सासूबाईंना चिकनगुनिया होऊन गेला होता, तेव्हा हाही त्यातलाच वात असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. चिकनगुनियानंतरचं दुखणं काही जणांत महिनोन् महिने राहतं आणि हुबेहूब संधिवातासारखं दिसतं, हे खरं आहे. पण ताईंना ताप आलाच नव्हता. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, इतकंच. दुसरं, एका ठिकाणी रक्ताची आरए टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. "वात निघाला नाही" असं सांगून घरी पाठवलं. आमच्याकडे येणाऱ्यांत हा गैरसमज पावलोपावली भेटतो. खऱ्या संधिवाताच्या पाचांतल्या एका-दोघांत ही चाचणी निगेटिव्ह असते आणि काहीही रोग नसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांत ती पॉझिटिव्ह येते. निदान हातांवर बसतं, कागदाचा आधार त्यानंतर.

तिसरं कारण पुड्या. दर आठवड्याला एक सुई आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या तीन-तीन गोळ्यांच्या पुड्या. गुण येत होता, आणि खरी अडचण तीच होती. पुडी घेतली की संध्याकाळपर्यंत ठणका थांबायचा, मग चार दिवस काम व्हायचं. पुडीत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नाही. पण चेहरा गोल झाला होता, दंडावर नुसता हात लागला तरी काळे-निळे डाग उमटत होते. स्टेरॉइड असणार हे दिसत होतं.

स्टेरॉइडबद्दल माझा राग नाही. 1948 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि ती बाई काही दिवसांत चालायला लागली. त्या कामाला 1950 चं नोबेल मिळालं. पुढच्या काही वर्षांत त्याच औषधाचे दुष्परिणामही त्याच डॉक्टरांना दिसले. आजही आम्ही ते वापरतो, पण मोजून, ठराविक काळासाठी, दुसरं औषध लागू पडेपर्यंतचा पूल म्हणून. पुडीत ना मोजमाप, ना मुदत. शिवाय आग विझल्यासारखी वाटते आणि आत हाड खाल्लं जातच राहतं. ताईंच्या पायाच्या एक्स-रेत डाव्या करंगळीच्या बुडाशी हाडाला उंदरानं कुरतडल्यासारखी छोटी खाच होती. संधिवाताची पहिली खूण बऱ्याचदा तिथेच सापडते, म्हणून हात दुखतात म्हणणाऱ्याचाही पायाचा एक्स-रे काढावा लागतो.

जून 2024 : पहिली भेट

अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबले. 14 दुखरे, 11 सुजलेले. अंगातला दाह दाखवणारी रक्ताची चाचणी, ईएसआर, 68. अँटी-सीसीपी ही संधिवातासाठीची दुसरी रक्तचाचणी मोठ्या प्रमाणात पॉझिटिव्ह. 2010 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत 10 पैकी 6 गुण मिळाले की हा संधिवात म्हणायचा. ताईंचे 10 भरले. रोगाचा जोर मोजणारा डीएएस-28 हा आकडा 7 च्या आसपास आला. 5.1 च्या वर म्हणजे जोर जास्त आणि 2.6 च्या खाली म्हणजे रोग शांत. इथून तिथपर्यंत जायचं होतं.

पुड्या त्याच दिवशी बंद करून चालणार नव्हतं. महिनोन् महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो. म्हणून पुड्यांच्या जागी प्रेडनिसोलोन 10 मिलिग्रॅम, रोज सकाळी, जेवणानंतर, हळूहळू उतरवायचं असं ठरवलं. सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड, कावीळ ब आणि क, छातीचा एक्स-रे हे सगळं तपासून घेतलं. हे औषध पोटातल्या बाळाला घातक, म्हणून तरुण बायकांना पहिला प्रश्न तोच विचारावा लागतो. ताईंचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. 10 मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून एकदा. गावचा बाजार गुरुवारी, म्हणून गुरुवार ठरवला. उरलेले सहा दिवस फोलिक अॅसिड, 5 मिलिग्रॅम. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतील, तोवर धीर धरा, दोन आठवड्यांनी रक्त तपासू, असं सांगितलं. कागदावर मराठीत लिहून दिलं. त्यांची मुलगी नववीत, तिच्याकडून वाचून घेतलं. इतकं केल्यावर माझं काम नीट झालं असं मला वाटलं होतं.

चूक

दोन आठवड्यांची रक्ततपासणी चांगली आली. पुढच्या पंधरवड्यात औषध संपलं, नवीन पाकिटं आणली. आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊबाई त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. तोंडभर फोड, ओठ सोललेले, दोन दिवसांत पोटात फक्त पेज, अंगात 101 ताप. पांढऱ्या पेशी 2,100 (किमान 4,000 हव्यात), प्लेटलेट 82,000 (किमान दीड लाख).

"गोळ्या दाखवा," म्हटल्यावर जाऊबाईंनी पिशवीतून दोन करंडे काढले. कुंकवाचे असतात तसे, झाकणाचे, स्टीलचे. दोन्हींत सुट्या गोळ्या. दोन्ही पिवळ्या, दोन्ही लहान.

पाकिटातून गोळी दाबून काढायला अंगठ्यात जोर लागतो. ताईंच्या अंगठ्यात तो नव्हता. रोज सकाळी मुलीला हाक मारायची, ती शाळेच्या घाईत, म्हणून तिनं आईची सोय म्हणून सगळ्या गोळ्या एकदम काढून दोन करंड्यांत भरून ठेवल्या. पहिल्या महिन्यात ते चाललं. नवीन पाकिटं आली तेव्हा करंडे बदलले. सहा दिवस घ्यायच्या करंड्यात मेथोट्रेक्सेट गेलं आणि गुरुवारच्या करंड्यात फोलिक अॅसिड. सहा दिवसांत 60 मिलिग्रॅम.

ज्या बोटांसाठी औषध लिहिलं, त्या बोटांना ते पाकिटातून काढता येईल का, हे मी विचारलं नव्हतं. मूठ वळत नाही हे मीच माझ्या हातानं कागदावर लिहिलं होतं. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पिवळ्या गोळ्या, त्यातली एक रोज आणि एक आठवड्यानं, ही रचनाही माझीच. मुलीची यात काडीची चूक नाही. ती बाहेर बाकावर बसून रडत होती. तिला आत बोलावून आधी हे सांगितलं, मग भरतीचा कागद केला.

मेथोट्रेक्सेट पेशींना लागणारं फोलेट अडवतं. आठवड्यातून एकदाच्या लहान मात्रेत ते अंगावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरतं. रोज गेलं तर तोंडाची त्वचा, आतडं, हाडातला मगज अशा भराभर नव्यानं बनणाऱ्या सगळ्या पेशी अडतात. म्हणून तोंड आधी येतं. यावर उतारा फोलिनिक अॅसिडचा, कारण औषधानं अडवलेली पायरी ते ओलांडून जातं. साधं फोलिक अॅसिड अशा वेळी पुरत नाही. मिरजेच्या एका रुग्णालयात त्यांना ठेवलं. फोलिनिक अॅसिड, सलाइन, तापासाठी प्रतिजैविकं, आणि स्टेरॉइड न तोडता उलट थोडं वाढवून. मूत्रपिंडं शाबूत होती, हे नशीब. दहाव्या दिवशी पेशी 4,600 वर आल्या. अकराव्या दिवशी त्या घरी गेल्या.

पुन्हा तेच औषध?

ऑगस्टमध्ये सगळे एकत्र बसलो. नवरा, सासूबाई, जाऊबाई, मुलगी. नवऱ्याचं म्हणणं स्पष्ट होतं, "डॉक्टर, पुन्यांदा तेच इख द्यायचं?" कुणीतरी मोबाइलवर बघून सांगितलं होतं की ही कॅन्सरची गोळी आहे.

ते खोटं नाही, म्हणून ते खोडायचं नाही असं मी ठरवलं होतं. मोठ्या मात्रेत ते रक्ताच्या कॅन्सरवर वापरतात. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथले प्रमुख आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे, येल्लाप्रगडा सुब्बाराव. 1948 साली ते गेले. आपल्या औषधाचा संधिवातावर किती उपयोग होईल हे त्यांनी पाहिलंच नाही. अमेरिकेत त्यासाठी रीतसर मान्यता मिळाली ती 1988 साली. आज जगभर संधिवातात पहिलं औषध हेच, आणि एका आठवड्याची मात्रा एका वडापावाच्या किमतीच्या आसपास बसते. हे सगळं सांगितलं. दुसरे पर्यायही मांडले. लेफ्लुनोमाइड रोजचं, त्यामुळे वाराचा घोळ नाही, पण जुलाब, रक्तदाब, यकृत सांभाळावं लागतं. सल्फासॅलाझिनच्या दिवसाला चार-चार गोळ्या. तोवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन 200 मिलिग्रॅम सुरू केलंच होतं. डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, वजनाच्या हिशेबानं त्याहून जास्त देता येत नव्हतं. ते एकटं पुरणार नाही हे सुजेवरून दिसत होतं.

ताई सगळं ऐकून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "गोळी वंगाळ हाय का डबा चुकला?"

डबा चुकला, मी म्हटलं. आणि डबा लागला तो माझ्यामुळे.

त्यांनी तीन आठवडे घेतले. सप्टेंबरमध्ये स्वतः येऊन म्हणाल्या, सुरू करू. या वेळी रचना बदलली. फोलिक अॅसिड रोज नाही. आठवड्यातून एकच, रविवारी, आणि तेही मुद्दाम दुसऱ्या रंगाचं मिळणारं. मेथोट्रेक्सेट एका वेळी चारच गोळ्या, म्हणजे चारच गुरुवार. पाकीट कापून प्रत्येक गोळी वेगळी केली, फॉइल न काढता. ती ठेवायची बाजाराच्या पैशाच्या डब्यात, जो फक्त गुरुवारीच उघडतो. फॉइल कापायला विरळणीचीच कात्री. गोळी घेतली की भिंतीवरच्या कालनिर्णयावर मुलीनं गोल करायचा. तोंड आलं, ताप आला, धाप लागली तर पुढची गोळी थांबवून फोन. आता माझ्याकडच्या प्रत्येक नव्या रुग्णाला मी समोर बसवून पाकिटातून एक गोळी काढायला लावते. कॅल्शियमची. त्यात अर्धा मिनिट जातो.

हात आणि बाग

ऑक्टोबर तोंडावर होता. "काम बंद करा" असा सल्ला देणं सोपं असतं. पण टोळीतून एकदा नाव गेलं की पुढच्या हंगामाला बोलावणं येत नाही, आणि घरच्या बागेचं कर्ज काही थांबत नाही. म्हणून काम बंद करायचं नाही, कामातली पकड बदलायची असं ठरवलं.

हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टबाईंनी त्यांची कात्रीच मागवून घेतली. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तीन वेढे दिले. जाड मूठ धरायला बोटं कमी दुमडावी लागतात. सकाळी पहिला तास कात्री नाही, तोवर सुतळी तोडणं, पाणी देणं अशी कामं. दर अर्ध्या तासानं हात पालथे-उताणे करून बोटं पसरायची. मनगटाला कामाच्या वेळी पट्टा. बादली बोटांत अडकवून न्यायची नाही, घागर कमरेवर घ्यायची. घरची गाय मुलानं पिळायची, कारण अंगठा दुमडून धार काढणं या सांध्यांना सगळ्यात वाईट. भाकरी मात्र त्यांनी सोडली नाही. गरम पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून मग थापते, म्हणाल्या. चालेल, म्हटलं. कोमट पाण्यानं सकाळचा आखडलेपणा सुटतोच, तो व्यायामच आहे.

मुकादमीणबाईंना ताईंनी स्वतः सांगितलं. थोडी कुरबूर झाली, मग विरळणीऐवजी डिपिंगच्या, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायच्या वेळी औषध कालवायचं आणि माप धरायचं काम त्यांना मिळालं.

दर महिन्याला रक्त, मग दोन महिन्यांनी. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, मार्च 2023 पासून. ते नसतं तर यातल्या निम्म्या खेपा झाल्या नसत्या, असं मला खरंच वाटतं. तपासणी चुकण्याचं कारण आमच्याकडे बहुतेक वेळा निष्काळजीपणा नसतं. बुडालेली रोजंदारी आणि गाडीभाडं हेच असतं. डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा प्रौढांत साधारण अर्धा टक्का लोकांना हा संधिवात आढळला. म्हणजे दोन हजार प्रौढांच्या गावात दहा जण. त्यातले किती जण दर दोन महिन्यांनी सांगलीला येऊ शकतात?

जानेवारी 2025 मध्ये दुखरे सांधे 2, सुजलेला 1, ईएसआर 24. डीएएस-28 चा आकडा 3.6. बरं होतं, पण ठरवलेल्या जागी नव्हतं. इथे रुग्ण आणि डॉक्टर दोघंही समाधान मानून थांबतात आणि राहिलेली सूज हाड खात राहते. मात्रा टप्प्यानं 15 मिलिग्रॅमवर नेली. फेब्रुवारीत प्रेडनिसोलोन पूर्ण सुटलं. व्हायला हवं होतं त्यापेक्षा हे उशिरा झालं, कारण मधले दोन महिने मेथोट्रेक्सेटशिवाय गेले होते. एप्रिलच्या खरडछाटणीआधी आकडा 2.5 च्या घरात आला. एक्स-रेत पायाची खाच तेवढीच आहे, नवी नाही.

सगळं पहिल्यासारखं झालेलं नाही. उजव्या हाताची अनामिका मधल्या सांध्यात थोडी वाकलेली राहिली आहे. ती सरळ होईल का, असं त्या प्रत्येक भेटीत विचारतात. नाही होणार, असं प्रत्येक भेटीत सांगावं लागतं. आधीच्या आठ महिन्यांत त्या सांध्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

गेल्या भेटीत गोळी बंद करता येईल का, असा विषय त्यांनी काढला. वर्षभर रोग शांत राहिला तर मात्रा कमी करून बघू, एकदम बंद नाही, असं बोलणं झालं. बंद केल्यावर बऱ्याच जणांत रोग परत डोकं वर काढतो, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही. मुलगी आता दहावीत गेली आहे. कालनिर्णयावर गोल करायचं काम तिनं धाकट्या भावाकडे दिलं आहे, त्याला मी अजून भेटलेली नाही. पुढच्या वेळी त्याला घेऊन यायला सांगितलं. तारीख दसऱ्यानंतरच्या गुरुवारी ठेवली आहे, छाटणी सुरू व्हायच्या आत. बाजार उरकून अकराच्या एसटीनं येते म्हणाल्या.